दोन रकाने

बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत बेडूक मांडत आलो.
आता मांडत नाही, कायद्यानं सुटले ते.
मेणाचे ट्रे कपाटावर पालथे पडलेत,
टाचण्या गोळ्यांच्या एका डबीत,
आणि फॉर्मलिनमधला तो एक जुना, पोट उघडा,
हात वर करून उभा.

विषय निवडताना पोरं कशी दिसतात
मला पाठ आहे.
अर्ध्यांच्या तोंडावर बापाचं तोंड असतं.
"चारही घे, दोन्ही दारं उघडी राहतील,"
म्हणतो बाप आणि जातो घरी.
पोरगं बारावीपर्यंत
दोन दारांमधल्या वाऱ्यात.

काल खिडकीच्या या बाजूला मी होतो.
माझी हर्षाली, हातात गुलाबी कागद,
कोपरखैरण्याचं हेच कॉलेज, हाच शिक्का.
इंग्रजी छापलेलंच.
भौतिक, रसायन, जीव, या तिघांवर
तिनं घरूनच खुणा करून आणलेल्या,
मागच्या बाजूला उमटतील इतक्या दाबून.
उरले दोन रकाने.

"गणित राहू दे," मी म्हटलं.
"औषध वजनावर द्यायचं असतं. म्हशीचं काय अंगठ्यानं मोजणार?"
"ते त्रैराशिक, बाबा. ते झालं कधीच.
इंटिग्रेशन कुठलीच म्हैस मागत नाही."
मागे रांगेत कुणीतरी हसलं.
तिनं भूगोल लिहिला.
मी गप्प.
डॉक्टरकी माणसांची की गुरांची,
हा वाद घरात मे महिन्यातच हरलो होतो.

"भाषेच्या जागी आयटी टाक," गवंडी मॅडम म्हणाल्या,
"सगळे टाकतात. मार्क पडलेलेच असतात."
त्या वाईट सांगत नव्हत्या.
पेनाचं टोक कागदावर टेकलं
आणि तिथंच थांबलं.

तळवलीत कमळाकरचा गोठा होता, शेवटचा.
तीन बाजूंना टॉवर, चौथ्या बाजूला टॉवरची पाटी.
मार्चमध्ये त्याच्या म्हशीनं चारा सोडला.
डॉक्टर ठाण्याहून आला, नवा पोरगा, भला,
शेणात गुडघे टेकून तपासत होता.
कमळाकर सांगत होता,
"कण्हतंय रातचं. उताराला पाय टाकत नाय.
आणि दात खातंय, साहेब, सारखं दात खातंय."
साहेब हसला. "का, कुणावर रागावलीय?"
कागदावर लिहिलं: खात नाही.
पोटफुगीचं औषध दिलं.

चौथ्या दिवशी म्हैस गेली.
फाडली तेव्हा हर्षाली तिथंच होती,
मी हाकललं तरी हलली नाही.
तार निघाली. करंगळीएवढी,
सळ्या बांधायची, टॉवरवरची,
जठरातून निघून काळजाकडे वळलेली.
कमळाकरनं ती धुऊन खिडकीत ठेवली.
अजून आहे.

त्या रात्री तिनं कुठूनतरी वाचून मला दाखवलं:
जनावर दात खातं ते दुखण्यानं.
एवढंच. पुढे काही बोलली नाही.
त्या पोराला ते ठाऊक नसेल असं नाही,
पुस्तकात असणारच, इंग्रजीत.
कमळाकरच्या तोंडून आलं
तेव्हा ते त्याला ओळखू आलं नाही.

पेन उचललं.
मराठी.
"टक्का खाली येईल हं," मॅडम म्हणाल्या.
"नीटमध्ये कुठं धरतात तो," ही म्हणाली.
बरोबर की चूक, मला सांगता येणार नाही.
उद्या गणित नाही म्हणून कुठलं दार बंद झालं
तर ती माझ्याकडेच बघेल.
पालकाच्या सहीपाशी मी नुसतं 'मढवी' न लिहिता
पूर्ण नाव लिहिलं, आईनं ठेवलेलं.

जिन्यात म्हणाली,
"बाबा, ते मेणाचे ट्रे आहेत ना अजून?"
"गंजलेत."
"एक घरी आणा."
"कशाला?"
"बघू," म्हणाली,
आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.