हुकूम कशाचा

नियामेत, कालेच्या वळणावर,
बंद पडलेल्या शिलाईच्या दुकानापुढे
आमचं सरकार बसतं.
रोज. दिवे गेल्यावर तर नक्कीच.
जिबो अध्यक्ष, कारण खुर्ची त्याच्या घरची.
लावाली संरक्षणमंत्री, कारण विजेरी त्याच्याकडे.
मी चहामंत्री. माझं एकट्याचं खातं खरं:
कोळसा, निळी किटली, चार पेले,
आणि साखर, जी परवापासून
मोजून टाकतोय.

रेडिओ म्हणाला, सात दिवस.
सात दिवसांत जुन्या साहेबांना महालात परत बसवा,
नाहीतर शेजारची फौज येऊन बसवेल.

"बसवेल? पडलेला दात आहे का तो?"
"सात दिवसांत," माझू दुकानाच्या कुलपाकडे बघत म्हणाला,
"ह्या शिंप्यानं माझी एक बाही नाही बसवली."

"जुने साहेब आले होते एकदा गल्लीत. नळ उघडायला.
फीत कापली, पाणी आलं.
गाडी गेली, पाणी गेलं."
"नवे तर येतही नाहीत. टीव्हीवर असतात,
मागे दहाजण ओळीनं, लग्नाच्या फोटोसारखे."
"आणि नवरी?"
"तिचंच तर कुणी सांगत नाही."

पत्ते पिसले.
ह्या खेळात हुकूम ठरला की
गुलाम सगळ्यांच्या वर, मग नश्शी,
राजा कुठेतरी खाली, दश्शीच्याही मागे,
राणीचा हात धरून.
"हा खेळ शिकवला कुणी आपल्याला?"
"फ्रेंचांनी."
"मग आता का ओरडतात?"

जिबो जेर्मा, माझू अरेवाचा.
त्यांच्यात थट्टेचं नातं, पणजोबांच्या आधीपासूनचं:
हा त्याला गुलाम म्हणणार, तो ह्याला,
आणि रागावेल त्याला दंड, मूठभर कोला.
"गुलामा, पान टाक."
"तुझ्या खापरपणजोबाला घेतला होता आम्ही, एका बोकडावर."
"फसलात."
"हो ना. बोकड तरी खाता आला असता."
सगळ्या देशाला असं नातं असतं तर,
मी म्हणालो.
"तू चहा बघ," अध्यक्ष म्हणाले.

हारूना बोलत नव्हता.
त्याच्या मामाच्या बाजरीतून सीमा जाते.
कणसं इकडे, विहीर तिकडे,
आणि मावसभाऊ तिकडच्या फौजेत,
सोकोतोच्या बराकीत. दुपारी फोन आला होता त्याचा.
काय म्हणाला?
"काही नाही. नवे बूट वाटलेत म्हणाला."
कशाला?
"ते नाही सांगितलं. त्यालाही नाही सांगितलं कुणी."

किटलीचं झाकण वाजत राहिलं.
लावालीनं विजेरी विझवली,
सेल वाचवायला म्हणे.
अंधारात प्रत्येकजण आपापले पाय
थोडे आत घेऊन बसला.

मग जिबो: "कितीचे बूट?"
"बेचाळीस."
"माझाही पाय बेचाळीस. त्याला म्हणावं,
येताना टाचा फार घासू नकोस."

हसलो. माझूला तर ठसका लागला.
हारूनाही हसला,
जरासा उशिरा, दुसऱ्या देशातून आल्यासारखा.

मी दुसरा चहा ओतला, हात उंच धरून.
अंधारात फेस दिसत नाही, ऐकावा लागतो.
साखर कमी झाली होती. कुणी बोललं नाही,
म्हणजे सगळ्यांना कळली होती.

"हुकूम कशाचा होता रे?"
बदाम, मी म्हणालो. किल्वर, माझू म्हणाला.
"मघाशी कोण बोललं होतं?"
कुणालाच आठवेना.
पानं तशीच हातात, छातीशी धरलेली.

तेवढ्यात पुलाकडून इंजिनाचा आवाज.
लावालीनं विजेरी लावली,
पत्त्यांवर नाही, रस्त्यावर.

मोटारसायकल होती.
मागे टोपली बांधलेला पाववाला,
डोळ्यांवर उजेड आला म्हणून
आम्हा सगळ्या मंत्रिमंडळाला
आईवरून शिवी देत गेला.