दुसरी भट्टी

कुतैसीत, रिओनीच्या पुलापासून तिसऱ्या वळणावर
नाझिब्रोलाचं दुकान. दुकान कसलं, एक खिडकी,
आणि खिडकीमागे जमिनीत अर्धा पुरलेला
मातीचा रांजण, आतून धगधगता.
कमरेपर्यंत आत वाकून ती पाव भिंतीला थापते,
होडीसारखे, दोन्ही टोकं निमुळती.
तिच्या भुवया कधीच्याच जळून गेल्यात.
रोज एकशे ऐंशी पाव. अकराच्या आत संपतात.

मी तिचा हिशेब लिहितो,
शाळेत गणित शिकवून झालं की, संध्याकाळी.
मोबदला: दोन पाव, आणि तिची बडबड.

मागच्या वसंतात पांढऱ्या गाडीतून हॉटेलवाला आला.
म्हणाला, रोज चारशे द्या, वर्षाचा करार करू.
मीच म्हणालो, घे.
मीच आकडे मांडले, मीच बँकेत तिच्या शेजारी बसलो.
दुसरी भट्टी आली. हाताखाली नुत्सा आणि शाल्वा आले.
वाढणं म्हणजे चढणं, असं मला वाटायचं;
वहीच्या मागच्या पानावर मी चक्क जिना काढला होता.

आंबवणाला जिना कळत नाही.
आदल्या दिवशीच्या कणकेतला एक गोळा मागे ठेवायचा,
त्याने रात्रभर, आपल्या मर्जीनं, उद्याची कणीक उठवायची.
आता रात्र चार तासांची झाली.
पाणी कोमट केलं, यीस्ट दुप्पट केलं,
कणीक उठली खरी
आणि दमलेल्या माणसासारखी खाली बसली.

हॉटेलला फरक पडला नाही. तिथे वर लोणी लावतात.
खिडकीशी मात्र बेसारिओन आला, घड्याळं दुरुस्त करणारा,
बावीस वर्षं रोज एक पाव नेणारा.
त्याने पाव अंगठ्यानं दाबून पाहिला,
नाणी मोजून ठेवली,
आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही.

त्या महिन्यात नफा होता. मी त्याखाली दोनदा रेघ मारली होती.
नाझिब्रोलाने कागद उलटसुलट पाहिला.
"बेसारिओनला कुठल्या रकान्यात लिहिलंस?"

ऑगस्टमध्ये तिचा खांदा गेला.
भट्टीत वाकली ती वाकलेलीच राहिली,
पोरांनी कंबर धरून बाहेर ओढली.
नऊ दिवस दोन्ही रांजण थंड. एकात मांजर व्याली.

दहाव्या दिवशी तिने हॉटेलवाल्याला फोन केला:
एकशे वीस देईन, तेही सोमवार सोडून.
तो हसला. "बाई, लोक वाढायला बघतात."
"मीसुद्धा," ती म्हणाली, आणि फोन ठेवून
बराच वेळ हात एप्रनला पुसत राहिली.

मग किंमत. वीस तेत्रींनी वाढवायची
म्हणताना तिचा आवाज चोरट्यासारखा झाला.
सहा वर्षं तिला वाटत होतं, स्वस्ताई हीच आपली माया.
आणि त्या मायेचे पैसे कोण भरत होतं?
तिचा खांदा.
पाटी बदलली. दोघी कुरकुरल्या, एकीनं शेजारच्या गल्लीचं नाव घेतलं,
बाकीच्यांनी पाटी वाचलीच नाही; पाव हुंगला.

आता वहीत पहिल्या ओळीवर तिचा पगार असतो.
आधी तो तळाशी, उरलं तर, असा असायचा.
दुसरी भट्टी फक्त शनिवारी पेटते, ती नुत्साची:
कणीक तिची, चूक तिची, गल्लाही तिचा.
कर्ज कुठे गेलेलं नाही. अजून एकोणीस हप्ते.
मागच्या पानावरचा जिना मी खोडला नाही,
त्यावर मांजरीच्या पिलांची नावं लिहिलीत.

बेसारिओन अजून आलेला नाही.
त्याच्यासाठी अकरापर्यंत एक पाव फडक्यात गुंडाळलेला असतो,
संध्याकाळी तो मला मिळतो. माझा तिसरा.
"हा तोट्यात लिहू?" मी विचारलं.
"मागे ठेवलेला गोळा म्हणून लिही."

असा रकाना नसतो, हे मी तिला सांगणार होतो.
पाव अजून थोडा कोमट होता.