दम गीर

खराला नाव नाही. तो नुसता खर.
आमच्याकडेही जुन्या पोथ्यांत गाढवाला खरच म्हणतात,
हे सांगितलं तेव्हा नुस्रतुल्लो खो-खो हसला
आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटला;
बहुधा, तुझे पाव्हणे आलेत.

आर्तुच सोडून तीन तास झाले.
माझ्या खिशात नकाशा, शिखरांची नावं उंचीसकट,
पेन्सिलीनं केलेल्या खुणा.
त्याच्या खिशात जर्दाळू.
जर्दाळूला तो जर्दोलू म्हणतो,
बाजाराला बोझोर, बर्फाला बर्फच.
त्याच्या मुलीनं, मेहरांगेझनं, शिकवलेलं इंग्रजी
संपलं की हात.
एवढ्या भांडवलावर आम्ही दोघं
अख्खी खिंड चढायला निघालोय.

साडेतीन हजार मीटरच्या पुढे
मला क्रियापदं परवडेनात.
वरून तो ओरडला, दम गीर!
आणि मी,
दम नाही म्हणून शाळेच्या कबड्डीतून काढलेला मी,
परक्या मुलखातला हुकूम
कुणाला अर्थ न विचारता पाळला.
दगडावर बसलो. दम घेतला.

त्या सुळक्याचं नाव काय?
"कोह."
आणि पलीकडच्या, पांढऱ्या?
"कोह." डोंगर. दुसरं काय?
नावं दोरवाल्यांनी ठेवली, तो म्हणाला.
आले, वर गेले, नाव ठेवलं, घरी गेले.
वर गवत आहे का?
मग आम्ही कुणाला हाक मारायची?

पण मागे वळून खाली हात केला
आणि थांबेचना.
ते तळं, जिथं आईनं लोकर धुताना
अंगठी घालवली, तीन उन्हाळे शोधली.
ते, जिथं थोरल्या सफरमोहम्मदनं
पैजेवर उडी मारली, निळा होऊन निघाला,
त्याला दोन मेंढ्यांच्या मधे निजवला.
आणि ते धाकटं, अर्चाच्या झाडांमागचं,
जुलैत हिरवं, ऑगस्टात निळं,
यंदा —
यंदा नुसती तडकलेली चिखलाची थाळी,
तिच्यावरून एका शेळीच्या खुरांची रांग.
त्याचंही नाव त्यानं सांगितलं.
नकाशावर तिथं अजून निळा ठिपका आहे.
मी पेन्सिल काढली
आणि परत खिशात ठेवली.

माथ्यावर वारा असा
की टोपी धरू का त्याचे पाय धरू.
पलीकडे अलाउद्दीनची तळी.
ज्यांच्यासाठी मी आलो होतो, ती.
रंग सांगत बसत नाही.
काठाशी गेलो तर तळातला गोटा न गोटा मोजावा असं पाणी,
पण वाकलं की आपलंच तोंड आडवं येतं,
जरा बाजूला सरकावं लागतं.

संध्याकाळी ओझं उतरवून
नुस्रतुल्लो काठावर ओणवा झाला,
फोन पाण्याच्या अगदी कडेला धरला.
मला वाटलं, फोटो.
त्यानं ओठांवर बोट ठेवलं.
पाणी दगडाला लागत होतं, ल, ल, ल,
बोलू न लागलेलं मूल जिभेवर एकच अक्षर घोळवतं तसं.
मध्येच खर शिंकला.
चार मिनिटं. मग त्यानं कळ दाबली.

सफरमोहम्मद येकातेरिनबुर्गला विटा रचतो.
सात उन्हाळे आलेला नाही.
आठ जणांच्या खोलीत त्याला झोप लागत नाही.
इथं रेंज नाही,
परवा गावात उतरलो की पाठवीन, तो म्हणाला.

शिंक काढून टाकायची? मी खुणेनं विचारलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी तळ्यातलं पाणी काढून टाकू का विचारलं होतं.
खर त्याचाच आहे, म्हणाला.