आडवा हात

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, तेरा नंबरच्या खोलीत,
मी रक्ताशी बोलते. म्हणजे यंत्र बोलतं,
मी आकडे उतरवून घेते.
आजच्या नळ्यांत पुन्हा ओळखीचं नाव:
रामलिंगप्पा कोरे, वय बासष्ट, धंदा आचारी.
सीआरपी अठ्ठेचाळीस.
असायला हवा पाच-सहाच्या आत.

घाटनांदूरपासून केजपर्यंत
किती लग्नं जेवू घातली, त्यांनाही आठवत नाही.
आता झारा धरवत नाही.
सकाळी बोटं अशी,
जणू रात्रभर कुणी पाकात टाकून ठेवलेली.
उपमा त्यांचीच. माझी नाही.

"लागलं न्हाई, भाजलं न्हाई,
मंग हे आतून कोण पेटवतंय, बाई?"

तुमचीच माणसं, अप्पा. राखणदार.
चोर आला म्हणून काठ्या घेऊन धावली,
चोर नव्हताच,
आणि आता घरी जायचं विसरून
आपल्याच घराच्या चौकटी फोडतायत.

ते हसले नाहीत.

मग मी वाचलेलं सांगू लागले.
मेंदूच्या देठातून एक नस निघते,
तिच्या जुन्या परक्या नावाचा अर्थ: भटकी.
मानेतून उतरते, काळजाशी रेंगाळते,
फुप्फुसं, जठर, आतडी,
मुक्काम कुठेच नाही.
तिचे दहातले आठ धागे नुसत्या बातम्या वर नेतात:
इथे सूज आलीय. इथे जळतंय.
आणि खाली येतो तो एवढासा निरोप,
दुसऱ्या नसेच्या ओंजळीतून, पांथरीपर्यंत,
तिथे पेटलेल्या पेशींच्या कानात
कुणीतरी म्हणतं,
पुरे.

ते बराच वेळ काविळीच्या तक्त्याकडे बघत बसले.
"म्हणजे पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तसं?
वाढप्या तर वाढतच जाणार. त्याच्या हाती बादली हाय,
त्याला काय कळतंय तुमचं पोट?
हात आडवा आला की थांबतो.
न्हाई आला, तर वरण पानाबाहेर,
धोतरावर, भुईवर, शेजारच्याच्या पानात."

बावीस वर्षं नळ्या हलवतेय,
एवढं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मंग माझाच हात आडवा व्हायचा विसरला म्हना."
विसरला नसेल, अप्पा. उशिरा पोचत असेल.
नेमकं कुणालाच ठाऊक नाही.
मंगळवारची गोळी मात्र चुकवायची नाही.
"आन त्या भटकीला हाक कशी मारायची?"
परदेशात गळ्यापाशी इवलंसं यंत्र बसवून
तिला टिचक्या मारतात म्हणे.
आपल्याकडे सांगतात, श्वास सावकाश सोडा;
काळीज तरी जरा हळू चालतं.
सुजेचं मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?

रात्री वीज गेली.
बुट्टेनाथाच्या दरीकडून वारा येत होता.
प्लॉटच्या वाटणीवरून भाऊ बोललेलं एक वाक्य
अकरा वर्षं माझ्या आत काठी घेऊन उभं आहे.
मनगटावर बोट ठेवलं, श्वास सोडला. लांब.
ठोका खरंच किंचित मागे राहिला.
वाक्य तिथेच होतं.
फक्त त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

दीड महिन्याने अप्पांचा आकडा: एकोणीस.
गोळीने की श्वासाने, की उन्हाळा सरला म्हणून,
नळी सांगत नाही.
त्यांनीही विचारलं नाही. डबा पुढे केला.
"काल झारा धरला, बाई. एकाच घाण्यापुरता."
बुंदी होती. कडेची थोडी करपलेली.

माझ्या डब्याच्या झाकणात वाढू लागले,
बोटं अजून वाकडी, अजून जाड.
पुरे, पुरे, म्हणत मी हात आडवा धरला,
आणि त्यांनी
माझ्या बोटांच्या फटीतून
आणखी एक मूठ सोडली.