शिक्क्यांची वही

चाळीस वर्षं देवगडच्या बंदरात इंजिनं खोलली मी.
पहिलं जपानी इंजिन बावकर तांडेलाच्या होडीतलं.
त्याच्या पत्र्यावर सहा अक्षरं,
कुर्लीच्या पायांसारखी.
मी ती घासून चकचकीत ठेवायचो.
कुणी विचारलं तर सांगायचो, मंत्र आहे,
पुसलात तर इंजिन बसेल.

गुडघे गेले तेव्हा गॅरेज पुतण्याला दिलं
आणि अक्षरं शिकायला बसलो,
रोज पाच, चहानंतर, नातीच्या पाटीवर.
शालन म्हणाली, ह्या वयात लोक माळ धरतत.
सातव्या महिन्यात पत्रा वाचता आला:
तेल तपासा.
एवढंच.
चाळीस वर्षं कुणीतरी मला हेच सांगत होतं
आणि मी, न वाचता, तेच करत होतो.

मग गेलो. अकरा दिवस.
दोन मोसम बागांतले फवारणीचे पंप दुरुस्त केले,
त्या पैशांत.

तिकडे स्टेशनात भिंतीशी मेज असतं,
मेजावर त्या गावाचा शिक्का,
दोरीने न बांधलेला.
(आपल्याकडे पोस्टातलं पेनसुद्धा दाव्याला असतं.)
कुणी मागत नाही, कुणी बघत नाही.
वही उघडायची, दाबायचं, फुंकर मारायची.
एक पूल. एक किल्ला. टोपी घातलेला माकूल.
शिक्क्यापायी एकदा गाडी चुकली,
पुढची अडीच तासांनी,
तर त्याच पानावर पुन्हा एकदा मारला.

देवळं पाहिलीत का, विचारतात सगळे.
पाहिली.
गरम कुंडात अनोळखी म्हाताऱ्यांमध्ये उघडा बसलो,
राजापूरच्या कुंडात निदान पंचा तरी असतो.
पण खरं सांगू,
मला आवडलं ते एक लहानसं बंदर.
काठ्यांवर मासळी वाळत घातलेली
आणि तिच्यावर झेपावणाऱ्या घारीला
एका म्हातारीने हासडलेली शिवी.
ती शिवी कुठल्याच धड्यात नव्हती.
तरी कळली.

उतरलो होतो त्या घरचा मुलगा
पहाटे होडीवर निघाला.
दाराशी बूट चढवत म्हणाला, इत्ते किमासु.
मी शब्द खोलला, दोन नट काढावेत तसा:
जाऊन. येतो.
आतून आई म्हणाली, जाऊन ये.

आमच्यातही जातो म्हणत नाहीत.
माझा भाऊ दिगंबर
येतंय म्हणूनच उतरला होता पायऱ्या,
डबा राहिला म्हणून परत आला,
पुन्हा म्हणाला, येतंय.

मी पेला धरून बसून राहिलो.
चहा हिरवा, कडू, निवलेला.
मग बंदराकडून इंजिनाचा आवाज आला
आणि कान टवकारले.
खरखर. कोरडी.
गुडघे विसरून धावलो,
धक्क्यावरून ओरडलो
आयुष्यातलं माझं पहिलं अख्खं जपानी वाक्य:
तेल तपासा!

पोराने इंजिन बंद केलं. झाकण उघडलं.
बराच वेळ आत बघत राहिला.
मग कमरेत वाकला, होडीतच,
इतका की टोपी पाण्यात पडली.
ती गळाने काढेपर्यंत
आम्ही दोघं हसत होतो.

परत आलो तेव्हा वहीत एक पान उरलं होतं.
देवगड स्टँडवर उतरलो, बॅग खाली ठेवली
आणि खिडकीशी गेलो.
जोईल कंट्रोलर चष्म्यावरून बघत म्हणाला,
कसलो शिक्को व्हयो तुका? पासाचो, की पार्सलाचो?
म्हटलं, गावाचा.
त्याने वही उलटसुलट केली,
माकुलाच्या टोपीवर बोट ठेवून विचारलं, ह्यो कोण?
शेजारी कणकवलीची गाडी लागत होती, लोक ढकलत होते.
तरी त्याने शिक्का आधी शाईवर घोळवला,
हाफ पँटीतल्या पोराने फोडावा तसा टिकलीचा बार उडवला.

उमटलं जरा तिरकं.
वाहतूक नियंत्रक, देवगड.
तारीख बदलायची राहिलेली,
कालचीच.
काल मी अजून यायचा होतो.