पीळ

सकाळी सात. एस्तेलीत धुकं अजून डोंगर उतरायचंय.
कॉफी कोणी प्यायची नाही, अत्तर लावायचं नाही,
काल रात्री लसूण खाल्ला असेल तर आज रजा टाकायची :
हे नियम मास्तरांचे. मास्तर म्हणजे एवारिस्तो सेलेदोन,
ज्यांच्या नाकावर या कारखान्यानं तीन गोदामं बांधली.

टेबलावर नमुना. नाव नाही, नुसती चिठ्ठी : ४१७.
तीन सिगार एकमेकांना वेटोळे घालून,
वेणीसारखे, पिवळ्या फितीनं तीन जागी बांधलेले.
जुनी माणसं सांगतात, मालक कामगारांना असेच वाकडे द्यायचे,
सरळ ओढताना दिसला की चोर.
खरंखोटं पानाला ठाऊक.

मी फिती सोडवते.
सुटले तरी सरळ होत नाहीत.
एक मला, एक ओतोनियेलला, एक मास्तरांना.

आधी बोटांनी. वरचं पान तेलकट,
चिंचेच्या कोळासारखं काळपट.
वळणावर एकही चीर नाही;
कुठवर ओल ठेवायची आणि कुठे थांबायचं
ते वळणाऱ्या हाताला कळत होतं.
न पेटवता एक झुरका. हवा अडखळत येते,
बोळातून सायकल हातानं ढकलत आणावी तशी.
मी लिहिते : ओढ, दहापैकी सात.

मास्तर माझ्या डाव्या हाताकडे बघतात.

मार्चमधल्या तापानंतर त्यांना वास येत नाही.
हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या घरच्या त्या दुधाला,
जे नासलेलं असताना त्यांनी माझ्यासमोर ग्लासभर प्यायलं
आणि मिशी पुसून म्हणाले, गाय चांगली आहे.
तेव्हापासून मी टेबलावर बोट टेकवते.
एकदा : मिरी. दोनदा : ओली माती. तीनदा : कातडं.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

देवदाराची काडी. पेटला.
मिरी. मिरी कसली, मिरीचं अख्खं पोतं. टक.
मग ओमेतेपेच्या बेटावरची ज्वालामुखीची माती. टक टक.
मग करपलेला गूळ,
ज्याची खूणच आमच्यात ठरलेली नाही.
मी थांबते. मास्तर थांबतात.
ओतोनियेल मान खाली घालून लिहितोय, चार ओळी, पाच ओळी.

अर्ध्यावर तो अंगावर येतो.
शेंड्याची पानं, सगळं ऊन प्यालेली,
हातचं राखून काही नाही.
माझ्या कानशिलात ढोल, तळवे गार,
खिडकी जागची हलते. बोट उचलत नाही.

"गूळ," मास्तर म्हणतात.
मला वाटलं, चव आली त्यांना. परत आली.
पण त्यांनी खिशातून खडा काढला होता, कागदात गुंडाळलेला.
"जिभेखाली धर. माझ्याकडे बघू नकोस, जमिनीकडे बघ."
मग माझा चेहरा वाचत वाचत लिहायला लागले :
ताकद भरपूर. निम्म्यात चढतो, सांगून चढत नाही.
रिकाम्या पोटी ओढू नये. बसून ओढावा.
सोबत कोणीतरी असावं.

अकरा वर्षांत त्यांचं इतकं अचूक टिपण
मी पाहिलं नव्हतं.

एकूण गुणांची चौकट त्यांनी कोरी ठेवली,
पेन माझ्याकडे सरकवलं.
त्यांच्या हातातल्या सिगारवर बोटभर राख, पांढुरकी,
जळून गेलेली, पडायला तयार नसलेली,
आणि राखेतही तेच वळण, जसंच्या तसं.
मी एक्क्याण्णव लिहिलं. खोडलं. पुन्हा एक्क्याण्णवच लिहिलं.

ओतोनियेलनं खिडकी उघडली. कॉफी आली.
मास्तरांनी सवयीनं कप नाकाशी नेला
आणि माझ्या बोटाकडे पाहिलं.
कॉफीचीही खूण ठरलेली नव्हती.
मी अख्खा तळवा टेबलावर ठेवला.