एक, बे, त्रण

पाढे मी गुजराती शाळेत शिकलो,
म्हणून मनातले आकडे अजून गुजरातीतच येतात.
वीज बोर्डात एकतीस वर्षं मीटर वाचले
तेही असेच, ओठ न हलवता.
हे आधी सांगतो, कारण पुढे मोजणं आहे.

हेमलता घोरते.
एवढं वाक्य बोलायला मला सव्वीस वर्षं लागली.
नवऱ्यांचं चालतं, पंगतीत त्यांची नक्कल होते.
ही मात्र भाचीच्या लग्नात, मकरपुऱ्याच्या हॉलवर,
बायकांच्या खोलीत ओळीने गाद्या घातलेल्या,
आणि रात्रभर भिंतीला टेकून बसलेली.
अक्षता निवडल्या, गजऱ्यांवर पाणी शिंपडलं,
कुणाचं तरी रडकं तान्हं मांडीवर घेतलं.
सगळे म्हणाले, मामीसारखी कामसू बाई नाही.
परतताना काळ्या घोड्याच्या सिग्नलला
स्कूटरवर तिचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं.

आवाज म्हणाल तर
दांडिया बाजारच्या फरशीवरून कुणी रिकामं पिंप ओढत न्यावं,
वळणावर दम खायला थांबावं,
पुन्हा ओढावं.
ओढण्याची सवय झाली. कापसाचे बोळे झाले,
बाहेरच्या खोलीतला दिवाण झाला, पंखा पाचावर.
थांबण्याची नाही झाली.
पिंप थांबलं की मी जागा:
एक, बे, त्रण, चार...
मग एक हिसका, विहिरीत बुडी मारलेल्यानं वर यावं तसा,
आणि पिंप पुन्हा चालू.
एकदा त्रेवीसपर्यंत गेलो.
घोरणं तिचं, घोर माझ्या जिवाला.

सकाळी डोकं जड. दुपारी मेथी निवडता निवडता मान खाली.
प्रेशरची गोळी अर्ध्याची एक झाली, एकाच्या दोन.
वय झालं, ती म्हणायची.

अलकापुरीत डॉक्टरबाईंनी विचारलं,
झोपेत श्वास थांबतो, हे पाहिलं कुणी?
मी शाळेतल्यासारखं बोट वर केलं.
हेमलतानं असं पाहिलं, जणू मी
तिच्या कपाटाची किल्ली परक्याच्या हातात दिली.
मग एक रात्र वायरींची: कपाळाला, छातीला, बोटाला चिमटा.
कागदावर आलं, तासाला एक्केचाळीस वेळा.
डॉक्टरबाई म्हणाल्या, बेन, हार्टने रजा क्यारे मळे छे?

रिक्षात ती रावपुऱ्यापर्यंत गप्प.
मग म्हणाली, इतकी वर्षं मोजत होतात
आणि मला सांगितलं नाहीत?
तू ओशाळली असतीस, मी म्हणालो.
ओशाळून काय मेले असते?
त्यावर दोघांनाही पुढे बोलता येईना.
रिक्षावाल्यानं उगाच हॉर्न वाजवला.

आता तांब्याभांड्याशेजारी स्टुलावर ते यंत्र.
नळीला ती सोंड म्हणते.
पहिला आठवडा झोपेत काढून फेकायची,
नाकावर वळ उठले, खोबरेल लावलं.
आता खोलीत नुसती फुंकर, गरम दुधावर घालावी तशी.
मेथी एका बैठकीत निवडून होते.
जागा असतो तो मी. शांततेला कान लावून.

काल दोनच्या सुमारास लाईट गेली,
आमच्याच बोर्डाची कृपा.
सोंड तिनं झोपेतच दूर केली
आणि थोड्या वेळानं पिंप निघालं.
खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं,
जुना भाडेकरू जिन्यात भेटावा तसं.
मग थांबलं.
एक, बे, त्रण... अगियार, बार, तेर...
खांद्याला हात लावला.
हिसका. श्वास. कुशीवर वळली,
डोळे मिटलेलेच.
किती झाले?
सोळ, मी म्हणालो.
सोळा म्हणा हो,
ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.